शिवरात्रीपर्यंतचा गारठा: पहाटे सायकलवरून आकाश बघायला जाताना

घाटमाथा

थंडी शिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत जाते असं आपण म्हणतो. पण उत्तरेत एकामागून एक पश्चिमी चक्रावात येत राहिले, की हिमालयाकडचे कोरडे वारे उत्तर महाराष्ट्रापर्यंत उतरतात आणि निफाड, सिन्नर, अकोले, जुन्नर या पट्ट्यात फेब्रुवारीच्या मध्यावरही पहाटेचा पारा ८-१० अंशांवर रेंगाळतो. सायकल आणि दुर्बीण दोन्ही बाळगणाऱ्यांनी हे दिवस अंथरुणात घालवू नयेत, म्हणून हा धागा.

संध्याकाळी मृग-व्याध-अगस्त्य असतातच. पण पहाटे चारनंतर जे दक्षिणेचं आकाश वर येतं ते संध्याकाळी बघायचं तर एप्रिल-मे उजाडतो, आणि तेव्हा क्षितिजालगत धूळ असते. शिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. त्या रात्री चंद्र सूर्योदयाच्या जेमतेम तासभर आधी उगवतो, त्यामुळे तिच्या आगेमागे पहाट काळोखी मिळते.

घरापासून १५-२० किमी, तासभराचं अंतर धरू. या सगळ्यात एकच गोष्ट नीट जमवायची आहे: थंडी सायकल चालवताना बाधत नाही, थांबल्यावर बाधते. आणि डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात ती नेमकी थांबल्यानंतरचीच. त्या अर्ध्या तासात हुडहुडी भरली तर पुढे दुर्बीण हातात स्थिर राहत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. निघताना पहिली दहा मिनिटं थोडं काकडायलाच हवं. दारातच उबदार वाटलं तर तिसऱ्या किलोमीटरला घाम सुटणार. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं, सुती बनियन नको, कारण ते घाम धरून ठेवतं. त्यावर पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि विंडचीटर. घाट किंवा चढ असेल तर चढ लागण्याआधी विंडचीटर काढा, माथ्यावर पोचल्याबरोबर घाला. उतारासाठी छातीवर वर्तमानपत्राचा दुहेरी घडी केलेला कागद सरकवला तर वारा पार अडतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या गिअरवर, विंडचीटरची चेन उघडी ठेवून, घाम सुकवत जा.

पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आतलं ओलं काढून कोरडं बनियन घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेलं, तेही विंडचीटरच्या आत अंगाशी ठेवलेलं, म्हणजे गार लागत नाही. मग कानटोपी, स्वेटर, अंथरायचं. चहा त्यानंतर. हे सगळं लाल उजेडात केलं की तोवर डोळेही तयार झालेले असतात.

कडवा_काठ

उत्तम धागा. वाऱ्याच्या गारव्याचा हिशोब जोडतो. हवामानखात्यं वापरतात त्या विंड चिलच्या सूत्राने ८ अंश तापमानात ताशी २० किमी वेगाने जाताना उघड्या कातडीला सुमारे ५ अंशांसारखं वाटतं. १० अंशांत ताशी ३५ किमीने उतार उतरताना सुमारे ६. म्हणजे फरक ३-४ अंशांचाच आहे, भिण्याचं कारण नाही. बोटं आणि कान तेवढे झाका. बोटं बधिर झाली तर ब्रेकचा अंदाज चुकतो, म्हणून पूर्ण बोटांचे वाऱ्याला अडवणारे हातमोजे हवेतच. लोकरीचे एकटे चालत नाहीत, त्यातून वारा आरपार जातो.

पायांना दोन मोजे घालायचे तर बूट अर्धा-एक नंबर मोठा हवा. बूट घट्ट झाला की रक्तपुरवठा अडतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी पिशवी, मग बूट. थांबल्यावर पिशवी काढून टाका, आत घाम साठतो.

व्याध

जागा निवडताना लोक फक्त अंधार बघतात. उंचीही बघा. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशात फेकते, गार झालेली जड हवा उतारावरून खाली वाहते आणि खोलगटात साठते. नदीकाठ, धरणाची भिंत, ओढ्याचा तळ, भिजवणीचा ऊस या सगळ्यात गार जागा, आणि धुकं व दवही तिथेच. त्याच गावाच्या वर ५०-१०० मीटर उंचीवर पठाराची कड असेल तर तिथे दोन-चार अंश जास्त असतात आणि दव निम्म्याहून कमी पडतं. शेकोट्यांचा धूरही खालच्या थरातच अडकून राहतो. फक्त अगदी कड्यावर बसू नका, वारा लागतो. कडेपासून थोडं आत, कमरेएवढ्या बांधाचा आडोसा पुरतो.

दुसरी गोष्ट दिशेची. पहाटेचं सगळं मोलाचं दक्षिणेला आहे, तर शहर आपल्या उत्तरेला हवं. पुणेकरांनी या कामासाठी जुन्नरपेक्षा भोर-वेल्ह्याकडे जावं. जुन्नरचं आकाश काळं आहे, गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण उगाच नाही. पण तिथून दक्षिणेला खाली बघितलं की पुणे-चाकणचा उजेड आडवा येतो. भोरकडे तोच उजेड पाठीमागे जातो. नाशिककरांनीही शहराच्या दक्षिणेला, सिन्नरची वसाहत ओलांडून पुढे जावं. भंडारदऱ्याला काळोख भरपूर आहे, पण दक्षिणेला डोंगर उभे आहेत. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. दक्षिण क्षितिजावर डोंगर एका मुठीपेक्षा वर येत असेल तर त्रिशंकू (सदर्न क्रॉस हा तारकासमूह) गेलाच म्हणून समजा.

नवखी_पॅडल

पहाटे नेमकं काय बघायचं? माझ्याकडे १०x५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री दुर्बीण आहे. टेबलावर ठेवायची ११४ मिमी आरशाची दुर्बीण घ्यावी का, असाही विचार चालू आहे.

व्याध

१०x५० या कामाला अगदी योग्य. ११४ मिमीची सायकलवरून न्यायला अवघड, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक आरशांची जुळणी हलते. पहाटेची यादी बव्हंशी द्विनेत्रीचीच आहे.

चित्रा नक्षत्राचा तारा ओळखता येतो ना? सप्तर्षींच्या शेपटीचा कमानदार बाक पुढे नेला की स्वाती, तसाच पुढे नेला की चित्रा. १० फेब्रुवारीच्या सुमारास चित्रा पहाटे ४.४० ला बरोबर दक्षिणेला, सर्वांत उंच येते. दर दिवशी ही वेळ ४ मिनिटांनी अलीकडे येते, म्हणजे पंधरवड्यात एक तास.

चित्रा दक्षिणोत्तर रेषेवर आली की तिच्या थेट खाली साडेतीन मुठींवर ओमेगा सेंटॉरी असतो, नरतुरंग तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ. दोघांचं विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) जवळजवळ एकच आहे, त्यामुळे डावीउजवीकडे शोधावंच लागत नाही. दुर्बीण चित्रेवर लावा आणि सरळ खाली उतरा. नाशिकहून तो क्षितिजापासून साधारण २२-२३ अंश, पुण्याहून २४ अंश वर येतो. काळोख असेल तर नुसत्या डोळ्यांनी पुसट ताऱ्यासारखा दिसतो. १०x५० मध्ये मोठा, मध्ये दाट आणि कडेला विरत जाणारा गोळा दिसतो. त्यातले तारे सुटे दिसणार नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका.

आता तो दृश्याच्या खालच्या कडेला आणा. साडेचार अंश वर, त्याच दृश्यात, एक फिका डाग दिसायला हवा. ती सेंटॉरस ए दीर्घिका. तेज सुमारे ६.८ (आकडा जितका मोठा तितकं फिकं), म्हणून आकाश खरंच काळं हवं. थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवा. हा डाग दिसला तर तुमची जागा चांगली आहे, याहून वेगळी परीक्षा नको.

त्रिशंकू तोवर दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला कललेला असतो. त्याचा तळाचा तारा नाशिकहून सर्वांत उंच असतानाही ७ अंशांवर, म्हणजे मुठीच्या आतच. डावीकडे मित्र आणि मित्रक हे नरतुरंगातले दोन ठळक तारे. पाचनंतर आग्नेयेला वृश्चिक पूर्ण वर येतो: ज्येष्ठाच्या पश्चिमेला जेमतेम दीड अंशावर एम ४ (मेसिएच्या यादीतला चौथा), आणि साडेपाचच्या सुमारास नांगीच्या डावीकडे एम ७ व एम ६, हे सगळे तारकागुच्छ. पावणेसहाच्या आसपास संधिप्रकाश सुरू होतो, म्हणून साडेचार ते पावणेसहा हाच खरा वेळ. निघण्याची वेळ त्यावरून मागे मोजा: पोचणं ४ ला, डोळे सरावणं साडेचारपर्यंत.

उसाचा_रस्ता

रस्त्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. फेब्रुवारी म्हणजे कारखान्यांचा गाळप हंगाम. पहाटे तीन-चारला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, परावर्तक असला तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. उजेडात अचानक उसाची भिंत समोर येते. रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली आली तर पुढचं चाक सरकतं, त्यातून दव पडून रस्ता ओला असेल तर नक्कीच.

त्यामुळे डोळे सरावावेत म्हणून आधीपासून दिवा मंद करून सायकल चालवू नका. डांबरी रस्त्यावर पुढचा पांढरा दिवा २००-३०० ल्युमेन, झोत ८-१० मीटरवर जमिनीला टेकेल असा खाली वळवलेला. मागचा लाल दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा, अंतराचा अंदाज त्याने नीट येतो. सोबत घोट्यावर परावर्तक पट्टी. वरखाली हलणारा पाय ड्रायव्हरला लगेच कळतो. डोळ्यांचा सराव मुक्कामी पोचल्यावरच.

बाटलीचा डायनॅमो कोणी वापरत असेल तर दवाने ओल्या टायरवर तो घसरतो आणि थांबलं की विझतो. चार्जिंगचा दिवा बरा. हात गार असताना केबल जोडणं जिकिरीचं, म्हणून पूर्ण चार्ज करूनच निघा.

अकोलेकर_चाक

बिबट्याचं गांभीर्याने घ्या. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, सिन्नर, निफाड हा सगळा बिबट्याचा पट्टा आहे. ऊसतोड चालू असली की लपायच्या जागा कमी होतात आणि पिल्लं असलेली मादी जागा बदलत असते.

एकट्याने जाऊ नका, निदान तिघं असा. उसाला किंवा दाट झुडपाला लागून कधीच बसू नका. वाकलेला, उकिडवा किंवा आडवा माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटतो. म्हणून आडवं पडून आकाश बघायचं तर मोकळा माळ, कातळ किंवा गावाचं मैदान, जिथे चारही बाजूंना ४०-५० मीटर आडोसा नाही. एक जण आळीपाळीने उभा राहून टॉर्चने भोवताल फिरवत राहील. तेवढ्यापुरतं बाकीच्यांनी डोळे मिटावेत. बोलत राहा, मोबाइलवर गाणी चालू ठेवली तरी चालेल. ज्या गावात जाणार तिथल्या ओळखीच्या माणसाला आदल्या दिवशी फोन करून बिबट्या दिसल्याची बातमी आहे का विचारा. असेल तर जागा बदला. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ फोनमध्ये असू द्या.

कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. बहुतेक वेळा हद्द संपली की ती परत फिरतात.

घाटमाथा

अकोलेकर, तुमच्या मुद्द्यामुळे मूळ लेखात भर घालतो: कोणीही एकट्याने जाऊ नये. आणि शेकोटी पेटवू नये. डोळ्यांचा सराव क्षणात जातो, धूर येतो, आणि या दिवसांत डोंगरउतारावरचं गवत वाळलेलं असतं, वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

भिंगवाला

दुर्बिणीचं सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथेच होतं.

वाहून नेणं. मागच्या कॅरिअरला दुर्बीण बांधू नका. तिथे सगळ्यात जास्त हादरे बसतात, आतले लोलक हलतात आणि दोन्ही नळ्या एका रेषेत राहत नाहीत. तपासायचं तर एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर दुर्बीण नीट जुळवा. एकाचे दोन तारे दिसले किंवा डोळ्यांवर ताण आला तर जुळणी गेली, आणि ती घरी होत नाही. दुर्बीण छातीवर आडव्या पट्ट्याने घट्ट बांधा, किंवा हँडलच्या पिशवीत चारही बाजूंनी दोन सेमी फोम लावून ठेवा. १०x५० चं वजन ८००-९०० ग्रॅम असतं, नुसती गळ्यात लोंबती ठेवली तर चढावर छातीवर आपटत राहते.

दव. भिंग आकाशाकडे तोंड करून असतं, त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं आणि दवबिंदूच्या खाली गेलं की त्यावर पाणी धरतं. पुसून उपयोग नाही, दोन मिनिटांत परत येतं आणि धुळीने ओरखडे पडतात. जुन्या योगा मॅटची पट्टी कापून दोन्ही भिंगांपुढे नळी करा. लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे ५० मिमीला ७५ मिमी. बाहेरून रबरबँड. बघत नसाल तेव्हा दुर्बीण उलटी, तोंड खाली करून जाकिटाच्या आत ठेवा. डोळ्याकडच्या भिंगावर वाफ धरते ती आपल्या श्वासाची. मफलर नाकावरून घेतलात तर श्वास वर फेकला जातो आणि भिंग हमखास धुकटतं. मफलर नाकाखाली ठेवा.

परतताना. गार दुर्बीण उबदार घरात उघडी आणली की आतबाहेर पाणी धरतं आणि पुढे पावसाळ्यात बुरशी येते. बाहेर असतानाच झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवा काढून बंद करा, घरात दोन तास तशीच राहू द्या. पाणी पिशवीवर धरेल. मग उघडून सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा.

नवखी_पॅडल

हात थरथरतात त्याला काय उपाय? तिपाई नेणं शक्य नाही.

भिंगवाला

सायकलच तिपाई. चित्रा-स्वातीसारखं उंचावरचं बघायचं तर पाठीवर झोपून कोपरं बरगड्यांना टेकवा. ओमेगा सेंटॉरीसारखं २०-२५ अंशांवरचं बघायचं तर सायकल डबल स्टँडला लावा, सीटवर दुमडलेला टॉवेल ठेवा, गुडघ्यावर बसून दुर्बीण टॉवेलवर टेकवा. एकेरी स्टँडची सायकल असेल तर पुढचा ब्रेक रबरबँडने आवळून बांधा, म्हणजे ती पुढेमागे सरकत नाही. अशा टेकूने जेवढं दिसतं ते नुसत्या हातांपेक्षा कितीतरी जास्त.

कडवा_काठ

अंथरायला काय नेता? घोंगडीची ऊब निर्विवाद, पण दोन-तीन किलो वजन.

घाटमाथा

१० मिमी जाडीची फोमची चटई, ती ३००-४०० ग्रॅममध्ये येते. जमिनीची थंडी अडवायला जाडी लागते, वजन नाही. चटईखाली प्लास्टिक घाला, दव खालून चढतं. एका सायकलवर घोंगडी आणि बाकीच्यांवर चटया अशी वाटणी तिघांत सहज होते.

थर्मास ५०० मिली पुरतो. निघण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ओतून द्या, मग चहा भरा. गार थर्मासमध्ये भरलेला चहा तासाभरात कोमट होतो. खायला गूळ-शेंगदाणे मूठभर किंवा दोन तिळाचे लाडू, थांबल्याबरोबर, भूक लागण्याची वाट न बघता.

बाभळीचा_काटा

पंक्चर. माळाच्या कडेने गेलात की बाभळीचे काटे ठरलेले, आणि आठ अंशांत अंधारात पंक्चर काढणं म्हणजे वैताग. जागेवर पंक्चर काढत बसू नका, ट्यूबच बदला. सोल्यूशन गारठ्यात आणि दमटपणात वाळायला दुप्पट वेळ घेतं. ओल्यावरच ठिगळ लावलं तर काही किलोमीटरवर सुटतं. लावायचंच असेल तर पाच-सात मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच ठिगळ दाबा.

ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवायचं राहतं, मग तोच काटा नवी ट्यूब फोडतो. हातमोजा काढून सावकाश फिरवा. काटा बाहेरून मोडलेला असतो, आत जेमतेम मिलिमीटरभर डोकं असतं. तो आतूनच चिमटीत धरून बाहेर ओढा.

ट्यूबलेस असेल तर २९x२.२ टायरला १०० मिली, ७००x४० ला ५०-६० मिली सीलंट (आतून छिद्र बुजवणारा द्रव). तीन-चार महिन्यांत वाळतं. दिवाळीत भरलेलं फेब्रुवारीत संपलेलं असतं, म्हणून आत्ताच तपासा: व्हॉल्व्हचा गाभा काढून झिप-टायची पट्टी आत घाला, टोक ओलं आलं नाही तर नवं भरा.

हवेचंही बघा. दुपारी ३० अंशांत ६० पीएसआय भरलेली हवा पहाटे ८ अंशांत साधारण ५५ दाखवते. त्यात बिघाड काही नाही. पण आधीच कमी हवा असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते. रात्री झोपताना मोजून भरा.

उसाचा_रस्ता

यात ब्रेकची भर. सायकल तास-दीड तास उघड्यावर उभी राहिली की रिमवर दव धरतं. रिम ब्रेक असेल तर परतीच्या पहिल्या दोन-तीन दाबांत जवळजवळ काहीच धरत नाही. निघण्याआधी दोन्ही रिम फडक्याने पुसा आणि पहिल्या सपाटीवर ब्रेक हलके घासत चाला. उतार त्यानंतर. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीला द्या, जास्तीचं पुसून काढा. दव आणि ऊसरस्त्याची धूळ एकत्र झाली की चेनवर करकरणारं लेपण तयार होतं.

नवखी_पॅडल

पहाटे निघणं शक्य नसलेल्यांनी संध्याकाळी काय करावं?

व्याध

संध्याकाळ सोपी आहे, दवही कमी असतं. १० फेब्रुवारीला अगस्त्य साडेनऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो, नाशिकहून १७ आणि पुण्याहून जवळजवळ १९ अंशांवर. व्याध त्याच्या वर, अर्ध्या आकाशाहून उंच. व्याधाच्या खाली चार अंशांवर एम ४१ हा तारकागुच्छ, दोघे दुर्बिणीच्या एकाच दृश्यात मावतात. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ आणि कृत्तिका तर आहेतच. आठ ते साडेनऊ बघा आणि परत फिरा. फक्त परतीचा प्रवास अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीत होतो, आणि अंग गार पडल्यावर लगेच वेगाने निघालं की गुडघे कुरकुरतात. पहिली दहा मिनिटं हलक्या गिअरवर.

अकोलेकर_चाक

पहाटेच्या परतीबद्दलही एक. सगळ्यात नीचांकी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं, म्हणजे पोचताना होतं त्याहून थंडी परतीला जास्त. सूर्योदयानंतर अर्धा-पाऊण तास थांबून मग निघा. तोवर ट्रॅक्टर दिसू लागतात, रिम सुकते आणि गावातलं हॉटेल उघडतं.